लोणीचे विठ्ठलराव

सहकाराची गोष्ट निघाली की पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांचं नाव निघतंच. पण कारखान्यापुढचं त्यांचं काम किती जणांना ठाऊक आहे?

लोणी बुद्रुकचा हा शेतकरी. शाळा जेमतेम, व्यवहार मात्र पक्का. सावकारी पाशातून भाऊबंद सुटावेत म्हणून १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतसंस्था काढली. पुढं प्रवरा कालव्याच्या पाण्यावर ऊस झाला. पण गुळाचा भाव पडला की वर्षाची मेहनत मातीत. तेव्हा कारखाना आपल्याच मालकीचा हवा, हे गावोगाव हिंडून त्यांनी पटवलं, भाग विकले. घरात कर्ज असलेल्या माणसाकडून भागाचे पैसे काढणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको! १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झालं. अध्यक्षपदी मात्र त्यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांना बसवलं. खुर्चीसाठी भांडणाऱ्यांनी हे जरा ध्यानात घ्यावं. पुढं राज्यभर असे कारखाने निघाले, त्यांना प्रवरानगर ही शाळाच ठरली.

उसाचा पैसा आला, तरी आजारी माणसाला मोठ्या इलाजासाठी नगर-पुण्याची वाट धरावी लागे. म्हणून म्हातारपणी त्यांनी दवाखान्याचं मनावर घेतलं. १९७२ मध्ये प्रवरा मेडिकल ट्रस्ट झाला, १९७६ मध्ये लोणीतच रुग्णालय उभं राहिलं. २७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलराव गेले. तिथलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये निघालं. ते बघायला ते नव्हते.