पोथ्या ताडून पाहणारे कायदेपंडित: कोण होते आसफ फैजी?

हिंगोली असो की मुंबई, वारसाहक्काचा वाद झाला की इस्लामी कायदा काय सांगतो, हे आता एआयला विचारलं जातं. पण एआयनं दिलेला दाखलाच बनावट निघाला तर? कुणाचा तरी खरा हक्क जाऊ शकतो.

आसफ फैजींचा जन्म १८९९ मध्ये माथेरानचा. केंब्रिजला शिकलेले फैजी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९४९ मध्ये मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं. दहाव्या शतकातल्या काझी नुमान यांचा ‘दआइम अल्-इस्लाम’ हा कायद्याचा ग्रंथ त्यांनी अनेक हस्तलिखितं ताडून संपादित केला. स्वतःकडच्या पोथ्या मुंबई विद्यापीठाला दिल्या. १९८१ मध्ये त्यांचं निधन झालं.

म्हणून एआयनं दाखला दिला की आधी मूळ ग्रंथ उघडा, मगच फॉरवर्ड करा.