धर्मानंद कोसंबी : धर्माच्या शोधार्थ घर सोडलेला गोमंतकीय

आमच्या पुष्कळ मंडळ्या ज्या खेड्यांत आहेत, त्याच खेड्यांत आज बौद्ध बांधवांचींही घरें आहेत. इ. स. १९५६ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ व्या तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं नागपूर येथें लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तेव्हांपासून त्रिशरण आणि पंचशील हे शब्द आपल्या कानांवर वरचेवर पडतात. परंतु त्यांचा अर्थ आपणांपैकीं थोड्यांसच सांगतां येईल. शेजाऱ्याच्या धर्माविषयीं ऐकीव गोष्टी बोलण्यापेक्षां तो नीट समजून घेणें बरें. म्हणून, त्या दीक्षेच्या अर्धशतक आधीं ज्यांनीं मूळ पाली ग्रंथांपर्यंत जाऊन बुद्धाची शिकवण मराठींत आणिली, त्या धर्मानंद कोसंबी यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोव्यांतील साखवळ या गांवीं एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबांत झाला. शाळेचें शिक्षण बेताचेंच झालें. लग्न लहान वयांतच झालें, आणि घरच्या नारळीच्या बागांची देखरेख त्यांजकडे आली. परंतु त्यांचें मन उदास असे. अशा वेळीं मुलांच्या एका मराठी मासिकांत बुद्धाचें छोटेसें चरित्र त्यांच्या वाचनांत आलें, आणि या पुरुषाची शिकवण समजल्यावांचून आपल्या जिण्यास अर्थ नाहीं, असें त्यांस वाटूं लागलें. ती शिकवण सांगणारा गोव्यांत कोणी नव्हता. १८९९ सालाच्या अखेरीस ते घर सोडून निघाले. मागें तरुण पत्नी व तान्ही मुलगी राहिली. या गोष्टीवर आम्ही पांघरूण घालीत नाहीं. त्यांच्या शोधाची किंमत त्यांच्या घरच्या माणसांनींही भरली, हें चरित्र वाचणाऱ्यानें विसरूं नये.

पुण्यास त्यांनीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेतली. पुढें ग्वाल्हेरीवरून ते काशीस गेले आणि तेथें अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकले. नंतर मोठ्या कष्टानें नेपाळांत पोंहचले. पण बौद्ध धर्माची तेथील स्थिति पाहून त्यांची निराशा झाली. बुद्धगयेस भेटलेल्या एका भिक्षूनें त्यांस सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, जाण्याचा सल्ला दिला. १९०२ सालीं ते कोलंबोस आले व विद्योदय विहाराचे आचार्य सुमंगल यांच्या हातून श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षु, झाले.

श्रामणेर दहा नियम पाळितो. दोन प्रहर टळल्यावर तो जेवीत नाहीं, सोनेंरुपें घेत नाहीं, नाचगाण्यांत रमत नाहीं. आरंभीं तो तीन शरणें म्हणतो : बुद्धास शरण, धर्मास शरण, संघास शरण. येथें बुद्ध हा देव नव्हे, तर वाट दाखविणारा गुरु होय. संघ म्हणजे त्या वाटेनें चालणाऱ्यांचा समुदाय. संसारी बौद्धांसाठीं पांच नियम आहेत, त्यांसच पंचशील म्हणतात. जीव मारूं नये, चोरी करूं नये, व्यभिचार करूं नये, खोटें बोलूं नये, मादक पदार्थ घेऊं नयेत, हे ते नियम.

शिकवणीचा गाभा चार सत्यांत आहे. आयुष्यांत दुःख आहे, हें पहिलें. त्या दुःखाचें कारण तृष्णा, म्हणजे मनाची न शमणारी तहान, हें दुसरें. ती तहान नाहींशी झाली म्हणजे दुःखही नाहींसें होतें, हें तिसरें. तसें होण्याची वाट आहे, हें चौथें. रोगाचें कारण शोधून औषध सांगणाऱ्या वैद्याची ही रीत आहे. त्या वाटेचीं आठ अंगें आहेत : दृष्टि, संकल्प, वाणी, कर्म, उपजीविका, प्रयत्न, जागृति आणि चित्ताची एकाग्रता, हीं सर्व नीट असावीं. शरीराचे अति लाड व अति छळ हीं दोन्ही टोंकें टाळावयाचीं, म्हणून तिला मध्यम मार्ग असेंही म्हणतात.

धर्मानंदांनीं पुढें ब्रह्मदेशांत राहून ध्यानाचा अभ्यास केला. १९०६ सालीं त्यांनीं भिक्षूचीं वस्त्रें उतरविलीं. संघाच्या रीतीप्रमाणें असें करण्यांत कलंक नाहीं. ते कलकत्त्यास पाली शिकवूं लागले व त्यांनीं पत्नीस आणि मुलीस जवळ आणिलें. तेथें पगार चांगला होता. तथापि आपल्या लोकांसाठीं काम करावें या इच्छेनें त्यांनीं ती जागा सोडली, आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं देऊं केलेल्या महिना ५० रुपयांवर ते महाराष्ट्रांत आले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत १९१२ पासून १९१८ पर्यंत त्यांनीं पाली शिकविली.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस १९१० पासून चार वेळां बोलाविलें. काम होतें विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचें संशोधन. शील, समाधि व प्रज्ञा या तीन पायऱ्यांनीं मन कसें शुद्ध करावें, हें त्यांत सांगितलें आहे. ग्रंथावर कोणाचें नांव असावें यावरून वाद होऊन ते एकदां परत आले. पण काम त्यांनीं टाकिलें नाहीं. तो ग्रंथ १९५० सालीं, त्यांच्या पश्चात्, हार्वर्डहून प्रसिद्ध झाला.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहांत त्यांनीं तुरुंगवास पत्करिला. १९३७ सालीं मुंबईंत परळ येथें गिरणकामगारांच्या वस्तींत त्यांनीं बहुजनविहार उघडला. भगवान बुद्ध हें त्यांचें पुस्तक मराठी वाचकांच्या हातीं आजही आहे.

शरीर थकल्यावर त्यांनीं अन्न वर्ज्य करून प्राण सोडण्याचा निश्चय केला, आणि ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें त्यांचा अंत झाला. या शेवटच्या पावलास आमचें मन संमति देत नाहीं. ज्या बुद्धानें सहा वर्षें देह कष्टविला आणि उपासानें ज्ञान होत नाहीं हें ओळखून पुन्हां अन्न घेतलें, त्याच्या मध्यम मार्गाशीं तें कसें जुळतें, हा प्रश्न आमच्यापुढें राहतोच.

तरी त्यांची एक गोष्ट आम्ही मनापासून वाखाणितों. धर्माविषयीं त्यांनीं ऐकीव गोष्टींवर समाधान मानिलें नाहीं. ते शिकावयास गेले, शिकले तसे वागून पाहिलें, आणि मग दुसऱ्यास सांगितलें. मंडळींतील शिक्षकबंधूंनीं हा क्रम ध्यानांत ठेवावा. पुढच्या वेळीं शेजारच्या घरीं पंचशील म्हणतांना ऐकूं आलें, तर ओट्यावर बसावें, अर्थ विचारावा, आणि तो सांगेल तें शांतपणें ऐकून घ्यावें.