ख्वाजा सफर : सुरतेच्या किल्ल्याचा रूमी निर्माता

सुरतेचे नाव उच्चारताच मराठी मनास १६६४ व १६७० या सालांचे स्मरण होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीत सुभेदार इनायतखान ज्या किल्ल्याच्या आश्रयास गेला, तो तापीकाठचा किल्ला कोणी उभारला, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असते.

त्या कर्तबगार पुरुषाचे नाव ख्वाजा सफर सलमानी. गुजरातच्या दरबारी त्यास खुदावंदखान हा किताब होता. पोर्तुगीज बखरकार त्यास मूळचा दक्षिण इटलीकडचा मानतात. तांबड्या समुद्रावरील तुर्की सेनानी सलमान रईस याच्या पदरी तो वाढला आणि त्यावरूनच सलमानी म्हणविला गेला. सलमानच्या मृत्यूनंतर त्याचा भाचा मुस्तफा व ख्वाजा सफर १५३१ साली दीव बंदरी आले व सुलतान बहादूरशहाच्या सेवेत रुजू झाले. रूमीखान हा किताब मिळविलेला मुस्तफा १५३५ साली हुमायूनला जाऊन मिळाला; ख्वाजा सफर मात्र गुजरातेतच राहिला.

१५३७ साली बहादूरशहा दीवच्या समुद्रात पोर्तुगीजांकडून मारला गेला. त्या प्रसंगातून वाचलेल्या ख्वाजा सफरने काही काळ पोर्तुगीजांशी जुळवून घेतले. परंतु १५३८ साली तुर्की आरमार दीववर येताच तो उघडपणे त्यांच्याविरुद्ध उभा ठाकला. तो वेढा फसला.

१५३० साली पोर्तुगीजांनी सुरत जाळली होती. तशी आपत्ती पुन्हा ओढवू नये म्हणून सुलतान तिसरा महमूद याच्या कारकिर्दीत, १५४० च्या सुमारास, ख्वाजा सफरने किल्ल्याचे काम हाती घेतले. दगड लोखंडी पट्ट्यांनी जखडून सांध्यांत शिसे ओतले, असे फारसी इतिहासग्रंथांत नमूद आहे. काम थांबविण्यासाठी फिरंग्यांनी त्यास मोठी लाच देऊ केली व त्याने ती झिडकारली, अशी आख्यायिकाही त्याच ग्रंथांतून चालत आली आहे. तुर्की आरमाराने मागे टाकलेल्या तोफा त्याने या किल्ल्यात आणविल्या. १५७३ साली किल्ला जिंकल्यावर अकबरास त्यांचा मोह पडला, असे सांगतात. मुल्ला चकल्यातील, नक्षीकामासाठी नावाजलेली मिर्झा सामी मशीदही परंपरेने त्याच्याच नावे सांगितली जाते.

१५४६ साली दीवच्या दुसऱ्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून ख्वाजा सफर ठार झाला. वेढा पुढे चालविणारा त्याचा पुत्रही त्याच वर्षी रणात पडला. दीव त्याच्या हाती आले नाही. सुरतेचा किल्ला मात्र उभा राहिला. सुलेमानी या नावाने ओळखली जाणारी त्याची कबर सुरतेतच असून ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

खानदेशातून पोटापाण्यासाठी येऊन नवागाम-डिंडोलीत स्थिरावलेल्या आपल्या समाजास हे चरित्र परके वाटू नये. दूरदेशीहून आलेल्या माणसाने या शहरास आपले मानले आणि त्याच्या रक्षणासाठी आपले कसब वेचले. चौक बाजारात गेल्यावर त्या बुरुजांकडे क्षणभर या जाणिवेने पाहावे, एवढीच वाचकांस विनंती.