सव्वाशे पौंडांची गाडी

मोटारीच्या वेगाचा इतिहास प्रामुख्याने धनिकांनी लिहिला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. परंतु या इतिहासातील एक महत्त्वाचे पान अवघ्या सव्वाशे पौंडांना विकत घेतलेल्या एका अपुऱ्या गाडीचे आहे. ती गाडी घेणारे जॉन गॉडफ्रे पॅरी-थॉमस हे धनिक नव्हते. ते हाडाचे अभियंते होते. यंत्रातील प्रत्येक भाग कोणता भार सोसतो याचा हिशेब मांडण्यात त्यांचे आयुष्य गेले. असा मनुष्य एका राक्षसी विमान-इंजिनाच्या मागे जुने भाग जोडलेल्या गाडीत बसून काळाला सामोरा गेला, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे.

थॉमस यांचा जन्म ६ एप्रिल १८८४ रोजी वेल्समधील रेक्सहॅम येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. पुढे कुटुंब सीमेपलीकडील ऑसवेस्ट्री या इंग्लिश गावी आले आणि तेथेच त्यांचे शालेय शिक्षण झाले. अभियांत्रिकीसाठी ते लंडनला गेले. विजेच्या साहाय्याने इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी तरुणपणीच काम केले आणि त्यासाठी अनेक पेटंटे मिळवली. इंजिनात शक्ती निर्माण करणे हे अर्धेच काम आहे, ती शक्ती चाकापर्यंत सुखरूप नेणे हे उरलेले अर्धे, ही जाण त्यांना अगदी आरंभापासून होती. त्यांचा शेवट पाहता ही गोष्ट विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ते लेलँड मोटर्सचे मुख्य अभियंता होते. मालमोटारी आणि बसगाड्यांमुळे हे नाव पुढे भारतातही घरोघरी पोहोचले. परंतु १९२० साली याच कंपनीने थॉमस यांच्या आराखड्यावरून एक आलिशान मोटार लंडनच्या प्रदर्शनात मांडली होती. एका ओळीत आठ सिलिंडर आणि सुमारे सात लिटरचे इंजिन असलेली ती ‘लेलँड एट’ त्या काळच्या सर्वांत महागड्या ब्रिटिश गाड्यांपैकी एक होती. तिचे गुण जाणकारांनी ओळखले, पण गिऱ्हाईक मिळेना. दोन डझन गाड्याही तयार झाल्या नाहीत. कंपनीने हात आखडता घेतला. थॉमस यांनी मात्र आपल्या निर्मितीचा नाद सोडला नाही. शर्यतीच्या मैदानावर तिची योग्यता सिद्ध करायची, या जिद्दीने त्यांनी नोकरी सोडली.

लंडनजवळील ब्रुकलँड्स हे मैदान १९०७ पासून मोटार-शर्यतींचे केंद्र होते. सव्वाचार किलोमीटरांहून लांब अशी ती काँक्रीटची धावपट्टी वळणांवर भिंतीसारखी उभी चढवलेली होती. थॉमस यांनी या मैदानाच्या आतच एका बंगलीत बिऱ्हाड थाटले. ते अविवाहित होते. दोन अल्सेशियन कुत्रे आणि रीड रेल्टन यांच्यासारखे तरुण सहकारी हेच त्यांचे घरचे लोक. अंगात रंगीबेरंगी विणीचा लोकरी स्वेटर घालून शर्यतीत उतरणारे धिप्पाड थॉमस प्रेक्षकांच्या परिचयाचे झाले. दिवसभर कार्यशाळेत हात काळे करायचे आणि केलेले काम स्वतःच धावपट्टीवर पारखायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या दिवसांत ब्रुकलँड्सवर एक वेगळीच हौस बोकाळली होती. युद्ध संपल्यामुळे विमानांची हजारो इंजिने निकामी पडली होती आणि ती स्वस्तात मिळत. युद्धापूर्वीच्या एखाद्या दणकट गाडीचे मूळ इंजिन काढायचे, सांगाडा हवा तसा लांबवायचा आणि त्यावर विमानाचे अजस्र इंजिन बसवायचे, असा हा उद्योग होता. अर्नेस्ट एल्ड्रिज यांनी १९०८ सालच्या एका फियाट गाडीत याच कंपनीचे जवळपास बावीस लिटरचे विमान-इंजिन बसवले आणि १९२४ साली तिच्यावर जागतिक वेगविक्रमही केला. १९२५ च्या जुलैत ब्रुकलँड्सवर या फियाटची आणि थॉमस यांच्या लेलँडची समोरासमोर झुंज झाली. लेलँडचे इंजिन फियाटच्या जेमतेम एक-तृतीयांश होते. तरीही थॉमस जिंकले, आणि त्या दिवशी एका फेरीत त्यांनी ताशी २०८ किलोमीटरांचा वेग गाठला. प्रत्येक भाग एकमेकांसाठी घडवलेली गाडी केवळ मोठ्या इंजिनाच्या गाडीला भारी पडते, याचा याहून उघड पुरावा मागायला नको होता.

मग त्यांनी स्वतःच मोठ्या इंजिनाची वाट का धरली? याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे आणि पैशांतही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. सरळ रेषेतील जागतिक विक्रमासाठी लेलँडची शक्ती पुरणारी नव्हती. नवे इंजिन घडवायचे तर कारखान्याचे पाठबळ हवे, ते त्यांच्यापाशी नव्हते. विमान-इंजिन हाच परवडणारा मार्ग होता, आणि तशी एक गाडी विक्रीला आली होती.

ती गाडी काउंट लुई झ्बोरोव्स्की यांची. वडील मोटार-शर्यतीत मरण पावलेले आणि सोळाव्या वर्षी आईही गेल्याने अफाट संपत्तीचे धनी झालेले झ्बोरोव्स्की केंट परगण्यातील हायम येथे राहत. क्लाइव्ह गॅलप या अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी विमान-इंजिनाच्या अनेक गाड्या घडवल्या. त्यांच्या ‘चिटी बँग बँग’ या गाडीचे नाव पुढे बालसाहित्यात अमर झाले. त्यांची सर्वांत मोठी गाडी होती ‘हायम स्पेशल’. तिच्यात अमेरिकन बनावटीचे बारा सिलिंडरांचे, सत्तावीस लिटरचे लिबर्टी विमान-इंजिन होते आणि त्याची शक्ती सुमारे साडेचारशे अश्वशक्ती होती. गिअरबॉक्स आणि मागची चाके फिरवणाऱ्या साखळ्या मात्र युद्धापूर्वीच्या ब्लिट्झेन बेन्झ या गाडीच्या घेतल्या होत्या. ही बेन्झ मुळात दोनशे अश्वशक्तीची. म्हणजे ज्या भागांनी आजवर दोनशेचा भार उचलला, त्यांच्या माथी दुपटीहून अधिक भार आला होता. गाडी पुरती सिद्ध होण्यापूर्वीच, ऑक्टोबर १९२४ मध्ये, इटलीतील मोंझाच्या शर्यतीत झ्बोरोव्स्की यांचा झाडावर आदळून मृत्यू झाला. थॉमस यांनी त्यांच्या मालमत्तेतून ही गाडी सव्वाशे पौंडांना घेतली.

पुढचे काम त्यांच्या आवडीचे होते. त्यांनी गाडी नव्याने बांधायला घेतली. इंजिनासाठी स्वतःच्या आराखड्याचे पिस्टन बनवून घेतले, चार कार्ब्युरेटर बसवले आणि हवा कापत जाईल असे नवे आवरण चढवले. गाडीचे नाव ठेवले ‘बॅब्स’. मात्र मूळ रचनेने घातलेल्या मर्यादा पुसल्या गेल्या नाहीत. इंजिन इतके उंच की चालकाला समोरचे दिसावे म्हणून मान एका बाजूला कलती ठेवून गाडी हाकावी लागे. गाडीच्या दोन्ही अंगांना चालकाच्या जवळून साखळ्या धावत. याच काळात थॉमस दीड लिटरच्या दोन अत्याधुनिक शर्यतीच्या गाड्याही घडवत होते. त्या इतक्या बुटक्या होत्या की लोक त्यांना कपड्यांच्या इस्त्रीची उपमा देत. एकाच कार्यशाळेत एकाच मनुष्याच्या हाताखाली मोटारीचे भविष्य आणि भूतकाळ शेजारी शेजारी उभे होते.

विक्रमासाठी त्यांनी वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेंडाइनची पुळण निवडली. ओहोटी लागली की तेथे कित्येक किलोमीटर सपाट, घट्ट वाळू उघडी पडते. १९२६ च्या मार्चमध्ये हेन्री सीग्रेव्ह यांनी अवघ्या चार लिटरच्या सनबीम गाडीने ताशी २४५ किलोमीटरांचा विक्रम नोंदवला होता. २७ एप्रिल रोजी थॉमस यांनी बॅब्समधून तो मोडला आणि ताशी २७२ किलोमीटरांचा वेग नोंदवला. दुसऱ्याच दिवशी २७५ किलोमीटर. नियमानुसार एकाच अंतरावर दोन्ही दिशांनी धावून त्यांची सरासरी काढली जाई, त्यामुळे वाऱ्याच्या मदतीचा प्रश्न नव्हता. एका झटक्यात विक्रम तीस किलोमीटरांनी पुढे गेला होता. मृताच्या गॅरेजमधून आलेली गाडी जगातील सर्वांत वेगवान मोटार ठरली होती.

हा मान नऊ महिने टिकला. ४ फेब्रुवारी १९२७ रोजी त्याच पेंडाइनच्या वाळूवर माल्कम कॅम्बेल यांनी ताशी २८१ किलोमीटरांचा वेग गाठला. त्यांच्या ‘ब्लू बर्ड’मध्येही विमानाचे नेपियर इंजिन होते, पण ती गाडी त्या इंजिनासाठीच मुद्दाम उभारलेली होती. शिवाय सीग्रेव्ह यांच्यासाठी दोन विमान-इंजिनांची आणखी प्रचंड सनबीम तयार होत होती. ती अमेरिकेच्या किनाऱ्यावर धावण्यापूर्वी विक्रम परत मिळवायचा, तर थॉमस यांच्यापाशी वेळ थोडाच उरला होता.

मार्चच्या आरंभी ते बॅब्स घेऊन पुन्हा पेंडाइनला आले. प्रकृती ठीक नव्हती. फ्लूने त्यांना गाठले होते. ३ मार्च रोजी ते धावले. भरवेगात असताना गाडी आडवी गेली, उलटली आणि वाळूवरून घसरत थांबली. थॉमस जागीच ठार झाले. त्यांचे वय बेचाळीस होते. जमिनीवरील वेगाच्या जागतिक विक्रमाच्या प्रयत्नात प्राण गमावणारे ते पहिले चालक. त्याच महिन्याच्या २९ तारखेला सीग्रेव्ह यांनी डेटोनाच्या किनाऱ्यावर ताशी ३२७ किलोमीटर ओलांडले. ज्या विक्रमासाठी थॉमस धावले, तो यशस्वी झाला असता तरी चार आठवडेही टिकला नसता.

उजव्या बाजूची साखळी तुटून चालकावर आदळली, असे कारण त्या वेळी सांगितले गेले आणि पुढे अनेक वर्षे तेच मानले गेले. नंतरच्या तपासात उजवे मागचे चाक आधी निकामी झाले असावे, असाही निष्कर्ष पुढे आला. दोष साखळीचा मानला काय किंवा चाकाचा, दोन्ही उत्तरे एकाच दिशेला बोट दाखवतात. इंजिनाने आपले काम चोख बजावले होते. त्याची शक्ती जमिनीपर्यंत नेणारी शृंखला कोठेतरी कमी पडली. वेग वाढतो तसा फिरत्या चाकाच्या कडेवरील ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, हे थॉमस यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु गणित ठाऊक असणे आणि हाताशी असलेल्या साधनांत ते बसवणे यांत जे अंतर असते, ते त्यांनी आपल्या कौशल्याने आणि धैर्याने भरून काढले होते. एकदा ते जमले. दुसऱ्यांदा जमले नाही.

थॉमस यांचे दफन ब्रुकलँड्सपासून जवळच, बायफ्लीट येथील चर्चच्या आवारात झाले. बॅब्सला पेंडाइनच्या वाळूतच पुरण्यात आले. पुढे त्या जागेचा ताबा लष्कराकडे गेला. १९६९ साली ओवेन विन ओवेन या वेल्श अभियांत्रिकी शिक्षकाने परवानग्यांची खटपट पार पाडून गाडी उकरून काढली. बेचाळीस वर्षे खाऱ्या ओलाव्यात राहिल्याने पत्रा कुजला होता, बरेच भाग गंजून गेले होते. एका माणसाचा जीव घेणारी वस्तू पुन्हा उजेडात आणावी की नाही, याविषयी मतभेद होणे स्वाभाविक होते. ओवेन यांनी पुढील कित्येक वर्षे खपून ती पुन्हा उभी केली आणि तिचे इंजिन पुन्हा गर्जले. आज ती वाहनप्रेमींना पाहता येते. पेंडाइनच्या संग्रहालयातही ती अनेकदा मांडली गेली आहे.

थॉमस यांचा खरा वारसा मात्र त्यांच्या कार्यशाळेत राहिला. सहकाऱ्यांनी ती ब्रुकलँड्सवरच नव्या नावाने चालू ठेवली. तेथे १९३३ साली रीड रेल्टन यांच्या आराखड्यावरून जॉन कॉब यांच्यासाठी नेपियर-रेल्टन ही गाडी तयार झाली. तिच्यातही चोवीस लिटरचे विमान-इंजिनच होते. परंतु या वेळी सांगाडा, आस, स्प्रिंगा, सारे काही त्या इंजिनाचे वजन आणि जोर गृहीत धरून नव्याने आखलेले होते. १९३५ साली या गाडीने ब्रुकलँड्सवर ताशी २३० किलोमीटरांची फेरी मारली. मैदान कायमचे बंद होईपर्यंत तो विक्रम कोणाला मोडता आला नाही. पुढे रेल्टन यांनीच आखलेल्या गाडीतून कॉब यांनी १९४७ साली ताशी ६३४ किलोमीटरांचा जागतिक विक्रम केला. गुरूला जे नव्याने घडवण्याची ऐपत आणि उसंत मिळाली नाही, ते शिष्याने पुरे केले.