नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी, कीर्तनकार व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. रेव्हरंड टिळक या नावाने ते ओळखले जातात. फुलामुलांचे कवी म्हणून पाठ्यपुस्तकांनी त्यांना घरोघरी पोचविले. त्यांच्या धर्मकार्याची माहिती मात्र ख्रिस्ती समाजाबाहेर फारशी नाही. आडनावामुळे लोकमान्य टिळकांशी त्यांची गल्लत केली जाते, ती टाळावी.

पूर्वायुष्य

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आईकडून त्यांना कवितेची व भक्तीची आवड मिळाली. तिच्या अकाली मृत्यूनंतर त्यांनी घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक होत. त्यानंतरची काही वर्षे शिक्षकी, पुराण-कीर्तन, मध्येच नोकरी सोडणे आणि पुन्हा भ्रमंती यांत गेली. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांच्या कामात होते.

भुसावळ, मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने नागपूरला येणाऱ्या लोहमार्गाला पुढे छत्तीसगडच्या दिशेने जाणारा मार्ग जोडला गेला होता. त्या मार्गावर राजनांदगावला जात असताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका अनोळखी युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली. काव्यावरून निघालेले बोलणे धर्मापर्यंत गेले आणि त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. त्या ग्रंथातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली. जातिभेदरहित धर्माचा शोध त्यांच्या मनात आधीपासूनच चालू होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता भारतीय पाळकाकडून घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पुढच्या साऱ्या कार्याची दिशा या आग्रहात दिसते.

कुटुंबाची ताटातूट

या धर्मांतराची किंमत टिळकांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीने पूर्वसूचना न देता टाकलेल्या या पावलाने त्या कोलमडल्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना सुमारे साडेचार वर्षे नातलगांच्या आधाराने काढावी लागली. या काळात टिळक पत्रे व कविता पाठवीत राहिले. त्यांनी दुसरा संसार मांडला नाही. १८९९ च्या सुमारास लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या, त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे सोवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक टिळकांनी मान्य केला. पुढे जातिभेदाबद्दलचा त्यांचा विचार स्वतःच बदलत गेला आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेची सक्ती करता येत नाही, हे तत्त्व टिळकांना घरातच आचरावे लागले. धर्मांतरापूर्वी पत्नीला विश्वासात न घेण्याचा दोष त्यामुळे पुसला जात नाही, पण नंतरच्या संयमाचेही मोल राहते.

प्रवचने व कीर्तने

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे प्रमुख केंद्र होते. तेथील धर्मशास्त्राच्या विद्यालयात टिळक शिकवीत आणि आसपासच्या गावांतून उपदेशासाठी फिरत. त्या काळी मराठी उपासनेत इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते बरीच होती आणि प्रवचनांची मराठीही पुष्कळदा पुस्तकी असे. ख्रिस्ती कीर्तनाचा प्रयोग कृष्णराव सांगळे यांनी आधीच सुरू केला होता. संस्कृतचे अध्ययन, संतवाङ्मयाचा व्यासंग आणि स्वतःची काव्यशक्ती यांच्या बळावर टिळकांनी त्याला प्रौढ रूप दिले. पूर्वरंगात भक्तीचे निरूपण आणि उत्तररंगात शुभवर्तमानातील आख्यान, ही मांडणी खेड्यातल्या निरक्षर श्रोत्यालाही परिचित होती. नवा विषय जुन्या वाटेने आल्यामुळे तो परका वाटत नसे.

त्यांच्या उपदेशातील ख्रिस्त हा माउली आणि सद्गुरू आहे. सिद्धांताच्या वादापेक्षा भक्ताचे त्याच्याशी असलेले नाते त्यांना महत्त्वाचे वाटे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून पूर्वीच्या धर्माची निंदा करून नवा धर्म सांगण्याची रीत त्यांनी पुढे टाकून दिली. प्रारंभीच्या काही वर्षांत मात्र तेही खंडनमंडनात रमले होते. ख्रिस्ती होणे म्हणजे आपला देश, भाषा आणि वेष सोडणे नव्हे, हे ते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना वारंवार बजावीत. पगार देणारा मिशनरी व पगार घेणारा देशी उपदेशक, या नात्यात बंधुभाव टिकत नाही, असे त्यांचे मत होते. मंडळीने स्वतःच्या खर्चाने उभे राहावे, असा त्यांचा आग्रह असे. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. तेथेही हाच सूर आढळतो.

त्यांची शंभराहून अधिक गीते मराठी उपासनेत रुजली. अहमदनगर, पुणे, मुंबईप्रमाणेच वऱ्हाडातील मराठी मंडळ्यांतही ती गायिली जातात. गाणाऱ्यांपैकी अनेकांना कवीचे नावही ठाऊक नसते. बालकवी ठोमरे यांना काही काळ त्यांच्याच घरी आश्रय मिळाला होता. पैसा हाती टिकत नसे आणि घर पाहुण्यांनी व अनाथ मुलांनी भरलेले असे. त्याची झळ कोणाला बसली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही.

देवाचा दरबार

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा हा बंधुसंघ व्हावा, अशी त्यांची कल्पना होती. बाप्तिस्म्याची अट ढिली झाल्यामुळे अनेक ख्रिस्ती पुढारी साशंक होते. दुसरीकडे, धर्मांतराचाच हा नवा मार्ग आहे, असा हिंदू समाजातील काहींचा समज होता. दोन्ही आक्षेपांना कृतीने उत्तर देण्याइतका अवधी त्यांना मिळाला नाही. दोन वर्षांच्या आतच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. आपल्या देहाचे दफन न करता दहन करावे, अशी त्यांची इच्छा होती.

दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुमारे अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. पूर्वी अक्षरओळखीपासून शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय रचून ते पूर्ण केले आणि १९३८ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला.