हेलन केलर: पंपापुढची गोष्ट

शब्बाथ शाळेत आपण हेलन केलरबाईंची गोष्ट सांगतो, ती बहुधा पाण्याच्या पंपापाशीच संपते. १८८० साली अमेरिकेत त्यांचा जन्म झाला. १९ महिन्यांच्या असता आजाराने दृष्टी व श्रवण दोन्ही गेली. १८८७ साली अ‍ॅन सलिव्हनबाईंनी त्यांच्या एका हातावर पाण्याची धार धरून दुसऱ्या हातावर बोटांनी अक्षरे काढली, आणि प्रत्येक वस्तूला नाव असते हे त्या मुलीस उमगले.

खरे कार्य त्यानंतरचे. १९०४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे त्यांनी नाजूक विषयाला हात घातला. आईबापांच्या गुप्तरोगामुळे पुष्कळ अर्भके आंधळी होत. जन्मताच डोळ्यांत औषधाचे थेंब घातल्यास हे टळे. पण सभ्य घरांत हा विषय निघत नसे. (आपल्या मंडळ्यांत तरी कोठे निघतो?) बाईंनी १९०७ च्या सुमारास स्त्रियांच्या मासिकात त्यावर उघड लिहिले. अंधांना शिक्षण व काम मिळावे म्हणून त्या देशोदेशी फिरल्या. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, भारतातही आल्या.

१९६८ साली त्या निवर्तल्या. १९७७ साली मुंबईत त्यांच्या नावाने बहिऱ्या-आंधळ्या मुलांची शाळा निघाली. तोवर मुंबई, सुरत, अहमदाबाद, कोठेही अशा मुलांसाठी शाळा नव्हती.