कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : नांगरात अडकलेला पैसा

कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघाले की आपण स्वदेशीच्या अभिमानाने बोलू लागतो. अभिमान योग्यच आहे. पण विलायती मालापुढे एखादा लहान कारखाना नुसत्या अभिमानावर तगत नाही. म्हणून त्यांचे चरित्र जमाखर्चाच्या अंगाने पाहावे असे वाटले.

त्यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले. मग यंत्रांची रेखाटने शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तेथे बंधू रामूअण्णांबरोबर आधी सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

खरी कसोटी येथे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. (माझ्या आजोबांच्या पिढीतही लाकडी नांगरावरचा विश्वास सहज गेला नव्हता.) पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. समजा, शंभर रुपयांचे लोखंड व कोळसा आणला आणि तीस रुपये मजुरी दिली. नांगर विकला जाईपर्यंत ते एकशे तीस रुपये कोपऱ्यात गंजत उभे राहणार. मजुराला मात्र बाजाराच्या दिवशी पैसे हवेतच. यालाच खेळते भांडवल म्हणतात. ते खेळायचे थांबले, तर कागदावर नफा दाखवणारा कारखानाही बुडतो. रॅन्समसारख्या इंग्रज कंपनीचा माल देशोदेशी जाई. एका मुलखाने नाकारले तरी तिला थांबता येई. बेळगावच्या लहानशा कारखान्याला तेवढा दम कोठून असणार? कडब्याची यंत्रे त्यांनी सोडून दिली नाहीत, हे मला त्यांच्या धाडसाइतकेच मोलाचे वाटते.

पुढे नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. कारखाना हलवायचा म्हणजे खर्च चालू आणि उत्पन्न बंद. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली, कर्जही दिले. १९१० मध्ये निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रेल्वे शेजारी असल्याने लोखंड आणणे व नांगर पाठवणे सोपे झाले. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे कमी झाले, तशी मागणी वाढली. पण कच्चे लोखंडही मिळेनासे झाले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. कर्जाचे व्याज दुष्काळातही द्यावे लागते, भागधारकाला लाभांश मात्र नफा झाला तरच. शेतीच्या लहरीवर चालणाऱ्या धंद्याला हा फरक फार मोठा. १९२९ नंतरच्या मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि शेतकरी नवा नांगर पुढच्या वर्षावर ढकलू लागला. तोवर वाडीत उसाचे चरक आणि पंपही तयार होऊ लागले होते.

लक्ष्मणराव १९५६ मध्ये निवर्तले. मराठीचे विद्यार्थी ‘किर्लोस्कर’ हे मासिक वाङ्मयासाठी अभ्यासतात. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ते ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून सुरू केले, तेव्हा त्याचे काम कारखान्याची आणि त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवणे हे होते.